उंदीर बरा झाला, हे ठरवले कोणी?

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की आमच्या म्हसावदच्या दवाखान्यातली गर्दी ओसरते. निंदणी, खुरपणी सोडून अंगदुखी दाखवायला कोण येणार? अशाच एका दुपारी एक आजीबाई नातवाच्या आधाराने आल्या. होळीच्या दोन दिवस आधी त्यांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, तोंड वाकडे झाले. घरच्यांना वाटले, ऊन बाधले असेल. कोणी तेल चोळले, कोणी झाडपाल्याचा लेप दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नंदुरबारला नेले. आता काठी घेऊन त्या चालतात. तपासताना मी म्हणालो, "आजी, हात चांगला वर जातो की आता."

आजी म्हणाल्या, "हात वर जातो हो दादा, पण भाकर थापता येत नाही. दादरचं पीठ तसंच हातात राहतं."

नातू शहाद्याला बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने मोबाईल पुढे केला. बातमीचा मथळा होता: उंदरांचा लकवा बरा झाला, शास्त्रज्ञांचे मोठे यश. "सर, हे औषध आपल्याकडे केव्हा येईल? धुळ्याला किंवा सुरतला मिळत असेल तर मी आणतो. पैशांचं बघू."

अशी बातमी दाखवणारा तो पहिला नाही. वर्षातून चार-सहा जण तरी येतात. प्रत्येक वेळी मी "अजून वेळ आहे" एवढे बोलून मोकळा होत असे. या वेळी मुलगा फार्मसीचा होता म्हणून म्हटले, बस, जरा नीट बोलू. तेच आज वाचकांपुढे मांडतो.

लकवा म्हणजे पक्षाघात. हा रोग हाता-पायाचा नसून मेंदूचा आहे, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते किंवा नळी फुटते. गुठळीचे प्रकार जास्त. रक्त अडले की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा हिशेब आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या शहरात तार घालून गुठळी ओढून काढतात, तिला काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही वाव असतो. मात्र पेशी मरू नयेत म्हणून, किंवा मेलेल्या पेशींचे काम इतरांनी उचलावे म्हणून, खात्रीचे औषध जगात कोणाच्याही हाती नीटसे लागलेले नाही. त्यासाठीच उंदरांवर प्रयोग चालतात.

प्रयोगशाळेत दोन जातींचे उंदीर असतात. एक लहान, आपल्या घरातल्यासारखा. दुसरा मोठा, पांढरा, लाल डोळ्यांचा, त्याला इंग्रजीत रॅट म्हणतात. उंदराला पूर्ण भूल देतात आणि मानेतल्या धमनीतून नायलॉनचा बारीक धागा मेंदूच्या मधल्या धमनीच्या तोंडापर्यंत सरकवतात. तासभर रक्त अडवायचे आणि मग धागा काढून घ्यायचा. ही पद्धत १९८०च्या दशकात जपान आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी बसवली. माणसासारखेच उंदराचेही आहे. उजव्या मेंदूला इजा झाली की डावी बाजू लुळी पडते.

मग काही उंदरांना औषध द्यायचे, काहींना नुसते मिठाचे पाणी, आणि फरक बघायचा. फरक बघण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे मेंदूच्या चकत्या करून त्या एका रंगद्रव्यात बुडवणे. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढरा राहतो. पांढरा भाग किती कमी झाला ते मोजायचे. हे सोपे आहे, फोटोत छान दिसते आणि बातमीतही छान दिसते.

पण आमच्या आजींचे काय? त्यांच्या मेंदूच्या फोटोत काय दिसते याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. भाकर थापता येते का, हा त्यांचा प्रश्न आहे. म्हणून दुसरा मार्ग उंदराचे वागणे तपासण्याचा. तो फार वेळखाऊ आहे आणि खरे शहाणपण त्यातच आहे.

या तपासण्या ऐकल्यावर नातू हसला, तुम्हालाही हसू येईल. उंदराला काचेच्या उभ्या नळकांड्यात ठेवतात. नव्या जागी उंदीर मागच्या पायांवर उभा राहून भिंत चाचपतो. तो कोणता पंजा किती वेळा टेकवतो, हे मोजायचे. धडधाकट उंदीर दोन्ही पंजे वापरतो. लकवा झालेला चांगल्या पंजावर भार देतो, अगदी आपला रुग्ण डाव्या हाताने शर्टाची बटणे लावायला शिकतो तसा. दुसऱ्या तपासणीत दोन्ही पंजांना छोटासा चिकट कागद लावतात. तो जाणवायला किती सेकंद लागतात आणि दातांनी ओढून काढायला किती, या दोन वेळा वेगवेगळ्या मोजतात, कारण पहिली वेळ संवेदना सांगते आणि दुसरी हालचाल. शिडीच्या आडव्या काड्यांवरून चालवून पाय कितीदा घसरला ते मोजतात. फिरत्या दांड्यावर किती वेळ तोल सांभाळतो ते बघतात. "हे आम्ही केलंय सर, पण कॉम्प्युटरवर," नातू म्हणाला. फार्मसीच्या वर्गात आता बरेचसे प्रयोग पडद्यावरच होतात. आमच्या एमबीबीएसच्या काळात बेडूक आणि ससे प्रत्यक्ष टेबलावर असत.

आणखी एक तपासणी कोपऱ्याची आहे. दोन फळ्या एकमेकींना अशा लावतात की मध्ये अरुंद, तीस अंशांचा कोपरा तयार होतो. उंदीर आत शिरतो, मिशा फळ्यांना लागतात, तो उभा राहतो आणि वळून बाहेर येतो. चांगला उंदीर कधी डावीकडून वळतो, कधी उजवीकडून. लकवा झालेला बहुतेक वेळा एकाच बाजूने वळतो. दहा फेऱ्यांत किती वेळा कोणत्या बाजूने, एवढेच लिहायचे. लहान मुलाच्या खेळासारखे वाटणारे हे मोजमाप पुढे एका मोठ्या चाचणीत मुख्य ठरले. ते पुढे सांगतो.

स्मरणशक्तीसाठी पाण्याचा हौद असतो. स्कॉटलंडमधले शास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली तो जगापुढे मांडला. गढूळ केलेल्या पाण्याखाली एक चौथरा लपवलेला असतो. खोलीतल्या खुणा लक्षात ठेवून उंदराने तो शोधायचा. लकव्यानंतर "बाबा हल्ली घरची वाट विसरतात" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांना या हौदाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दवाखान्यात आम्ही तरी दुसरे काय करतो? दोन्ही हात पुढे धरा, डोळे मिटा, हात खाली येतो का बघू. नाकाला बोट लावा. चालून दाखवा. फरक एवढाच की माणसाला "दुखतं का, जमतं का" हे विचारता येते. उंदीर बोलत नाही. त्याच्या बाजूने बोलतो तो त्याच्याकडे बघणारा माणूस. आणि घोटाळा तिथेच होतो.

समजा मी स्वतः एखादे औषध शोधले आहे. पाच वर्षे त्यात घातली आहेत. औषध मीच टोचले आणि उंदराने चिकट कागद काढायला घेतलेली वेळही मीच घड्याळावर मोजली. औषधवाल्या उंदराच्या वेळी माझे बोट घड्याळावर जरा लवकर पडणार नाही का? मी लबाड असेन असे नाही, मला फक्त आशा असते. म्हणून मोजणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध दिले ते माहीत नसले पाहिजे, आणि औषध कोणाला द्यायचे ते चिठ्ठी टाकून ठरले पाहिजे. ऐकायला ही साधी अट आहे, पण शेकडो प्रयोगांत ती पाळली गेलेली नव्हती.

त्याशिवाय उंदीर हा प्राणी मोठा हळवा. तो रात्री जागा असतो. भर दुपारी उजेडात तपासले तर तो अर्धवट झोपेत असतो. नवख्या हाताने धरले तर घाबरतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवले की खोलीत पुरुष असेल, किंवा त्याने घातलेला सदरा जरी ठेवला असेल, तरी त्या वासाने उंदरांवर ताण येतो आणि त्यांच्या वेदनेचे मापन बदलते. त्याआधी १९९९ साली अमेरिकेतल्या दोन आणि कॅनडातल्या एका प्रयोगशाळेने मिळून एक प्रयोग केला होता. त्याच वाणाचे, त्याच वयाचे लहान उंदीर, तीच उपकरणे, तेच वेळापत्रक. सगळे जुळवून घेतले होते. तरीही काही तपासण्यांत तिन्ही ठिकाणचे निकाल वेगळे आले. आणखी एक अडचण म्हणजे उंदीर फार चिवट असतो. लकव्यानंतर दोन-तीन आठवड्यांत तो आपोआपच बराच सावरतो. तपासणी ढोबळ असेल तर औषध घेतलेला आणि न घेतलेला, दोघेही बरे दिसतात.

आपल्या भागातल्या ऊस आणि कापूस घालणाऱ्या शेतकऱ्याला काट्याचे महत्त्व शिकवावे लागत नाही. माल माझा, काटा व्यापाऱ्याचा, आणि वाचणाराही व्यापाऱ्याचाच माणूस, असे असले की मनात शंका राहते. म्हणून आपण धर्मकाट्यावर गाडी नेतो. तो काटा सगळ्यांचा असतो, त्याला गाडी कोणाची हे बघायचे नसते, आणि त्याची वेळोवेळी तपासणी होते. उंदरांच्या वर्तणुकीची सामायिक तपासणी केंद्रे म्हणजे संशोधनातला धर्मकाटाच. वेगवेगळ्या संस्थांचे शास्त्रज्ञ आपले काम तिथे नेतात. खोली तीच, उजेड तोच, कॅमेरे तेच, उंदीर हाताळणारी माणसे तीच आणि शिकलेली. औषधाच्या कुपीवर नावाऐवजी नुसता आकडा. प्रत्येक कॉलेजाने आपापले हौद आणि दांडे विकत घेऊन वर्षातले दहा महिने धूळ खात ठेवण्यापेक्षा हे स्वस्तही पडते.

आपल्या महाराष्ट्राला सामायिक सोयीची ही कल्पना नवी नाही. पुण्याचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र १९८०च्या दशकात सुरू झाले ते देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी वाढवून पुरवण्यासाठी. पुण्यातच पाषाणला आयसर ही संस्था आहे. तिथे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने एक राष्ट्रीय सुविधा उभी राहिली असून तिथले उंदीर आणि तिथल्या सोयी बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येतात. हैदराबादजवळ भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची प्रयोगप्राण्यांची मोठी राष्ट्रीय संस्था २०२२च्या डिसेंबरात देशाला अर्पण झाली. पण माझ्या मते नुसती जागा सामायिक असून भागत नाही. मोजण्याचे नियमही सामायिक लागतात. लकव्याच्या बाबतीत ही पुढची पायरी अमेरिकेत गाठली गेली, आणि ती गाठायला फार मोठी किंमत मोजावी लागली.

आधी किंमत सांगतो. २००६ साली मेलबर्नच्या संशोधकांनी लकव्यावर प्रयोगात तपासलेल्या उपचारांची मोजदाद केली. आकडा आला १०२६. त्यातले ११४ माणसांपर्यंत पोहोचले होते. रुग्णांत खात्रीने उपयोगी ठरले ते गुठळी विरघळवणारे औषध आणि ॲस्पिरिन, त्यापलीकडे जवळजवळ काही नाही. त्याच वर्षी एन-एक्स-वाय ०५९ नावाच्या औषधाचा गाजावाजा झाला. प्राण्यांत उत्तम, माणसांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीतही थोडा फायदा. दुसरी चाचणी तीन हजारांहून अधिक रुग्णांवर झाली, आणि २००७ साली निकाल आला की औषध आणि नुसते पाणी यांत फरक नाही. नंतर प्राण्यांवरचे जुने प्रयोग उकरून तपासले गेले. ज्या प्रयोगांत चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, मोजणाऱ्यापासून काही लपवले नव्हते, त्याच प्रयोगांत औषध जास्त गुणकारी दिसले होते.

ही दूरदेशीची गोष्ट वाटेल. जवळची सांगतो, आणि ती माझीच आहे.

सिटिकोलीन नावाचे औषध आपल्याकडे लकव्याच्या रुग्णांना सर्रास दिले जाते. मीही अनेक वर्षे दिले. आधी इंजेक्शने, मग तीन-तीन महिने गोळ्या. "मेंदूला ताकद येईल" असे मी सांगत असे, आणि ते सांगताना माझा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले तर मेंदूतला मेलेला भाग चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्तच कमी झालेला दिसत होता. मग युरोपात २२९८ रुग्णांवर व्यवस्थित चाचणी झाली. २०१२ साली निकाल छापून आला. फायदा नाही. औषध घेतलेले आणि न घेतलेले, तीन महिन्यांनी दोघे सारखेच. मला हा निकाल कळला तो त्यानंतर बऱ्याच उशिरा, एका चर्चासत्रात, जेवणाच्या रांगेत. त्या मधल्या काळात मी किती चिठ्ठ्या लिहिल्या ते मोजलेले नाही. एक चिठ्ठी मात्र आठवते. डोंगरातल्या पाड्यावरच्या एका माणसाने बायकोच्या गोळ्यांसाठी दोन बकऱ्या विकल्या होत्या, आणि मला तो ते कौतुकाने सांगत होता. त्या पैशांत तिला महिनाभर रोज गाडी करून व्यायामाला आणता आले असते.

या गोळ्या चालू असलेल्यांनी लेख वाचून त्या परस्पर बंद करू नयेत, आपल्या डॉक्टरांशी बोलावे. आणि रक्तदाबाची, साखरेची, रक्त पातळ ठेवण्याची गोळी तर मुळीच बंद करू नये. त्या गोळ्यांचा पुरावा भक्कम आहे.

आता अमेरिकेतली गोष्ट. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१९च्या सुमारास सहा प्रयोगशाळांची एक साखळी उभी केली. सहा उपचार निवडले. औषधे एका ठिकाणाहून सांकेतिक आकड्यांनी गेली. कोणत्या उंदराला काय, हे मध्यवर्ती ठिकाणी चिठ्ठीने ठरले. नर आणि माद्या सारख्या संख्येने घेतल्या. तरुण उंदीर होतेच, त्याशिवाय म्हातारे, चरबीयुक्त खाणे देऊन लठ्ठ केलेले आणि जन्मतः रक्तदाब असलेले उंदीरही घेतले. मला ही गोष्ट सर्वांत पटली. लकवा होतो तो कोणाला? माझ्या दवाखान्यात तरी विशीतला तगडा पैलवान लकवा घेऊन येत नाही. येतात ते साठीचे, रक्तदाबाची गोळी मधूनच सोडलेले, साखर वाढलेले. पण अनेक वर्षे औषधे तपासली गेली ती मुख्यतः तरण्याताठ्या नर उंदरांवर.

तर या साखळीत २६१५ उंदीर तपासले गेले. मुख्य मोजमाप होते मघाशी सांगितलेली कोपऱ्याची तपासणी. प्रत्येक फेरीचे चित्रण केले, ते एका ठिकाणी जमा केले आणि उपचार माहीत नसलेल्या लोकांनी ते बघून वळणे मोजली. २०२३ साली अहवाल प्रसिद्ध झाला. सहांपैकी एकच उपचार ठळकपणे टिकला, तो म्हणजे यूरिक ॲसिड. (सांधेदुखीच्या रुग्णांनी लगेच आनंदून जाऊ नये. शिरेतून, ठरावीक वेळी, ठरावीक मात्रेत दिल्याची ही गोष्ट आहे, आणि माणसांत ती सिद्ध व्हायची आहे.) बाकीचे पाच उपचार त्या आधी कुठल्या ना कुठल्या प्रयोगात चांगले दिसलेलेच होते. सामायिक काट्यावर चढवल्यावर त्यांचे वजन उतरले. वर्तमानपत्रात असल्या गोष्टीचा मथळा होत नाही. माझ्या दृष्टीने मात्र पाच उपचार या काट्यावरच थांबले हा मोठा लाभ आहे, कारण ते तसेच पुढे गेले असते तर हजारो रुग्णांवर वापरले गेले असते, आणि मग कुठेतरी कोणीतरी बकऱ्या विकल्या असत्या.

उंदीर मारून पाप लागते, गणपतीचे वाहन ते, असे म्हणणारे माझे काही वाचक आहेत. त्यांच्या भावनेची मी चेष्टा करणार नाही. भारतात प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८चे नियम आहेत, संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते, भूल द्यावी लागते, संख्या पटवून द्यावी लागते. तरीही मला विचाराल तर, ज्या प्रयोगातून काहीच खात्रीने कळत नाही त्यात दहा उंदीर जाणे हे, नीट आखलेल्या प्रयोगात शंभर जाण्यापेक्षा वाईट. सामायिक केंद्रात एकाच तुलनेसाठी ठेवलेले न-औषध उंदीर अनेक औषधांना उपयोगी पडतात, तेवढे जीव वाचतात.

प्राण्यांवरचे सगळेच प्रयोग फुकट गेले असेही कोणी समजू नये. १९८५ साली जस्टिन झिविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या मेंदूत गुठळ्या सोडून टी-पी-ए हे औषध दिले. सशांची हालचाल आणि वागणे सुधारले. दहा वर्षांनी, १९९५ साली, माणसांत तेच सिद्ध झाले. आज गुठळी विरघळवण्याचे जे इंजेक्शन देतात त्याची सुरुवात त्या सशांपासून आहे. उशीर केला तर उपयोग नाही, हेही सशांनीच आधी सांगितले.

अलीकडचे एक उदाहरण आपल्या देशाशी जोडलेले आहे. शिकागोजवळच्या मिडवेस्टर्न विद्यापीठात डॉ. अनिल गुलाटी यांच्या गटाने सोवाटेलटाईड हे औषध लकवा झालेल्या उंदरांना देऊन पकड, फिरता दांडा, पाय घसरणे अशा तपासण्या केल्या होत्या. भारतात त्याची माणसांवर चाचणी झाली आणि २०२३ साली त्याला परवानगी मिळाली. झटक्यानंतर २४ तासांच्या आत ते सुरू करायचे असते. चाचणीतले रुग्ण दीडशेच्या आसपास होते. एवढ्यावर मी माझ्या रुग्णाला शब्द देणार नाही. मोठ्या चाचणीची वाट बघेन. सिटिकोलीनने मला एवढे शिकवले आहे. आणि आजींना झटका येऊन महिने लोटले, त्यांच्यासाठी ते नाहीच.

नातवाला मी तीन गोष्टी बघून यायला सांगितले. उंदीर कोणते होते? औषध झटक्यानंतर किती वेळाने दिले? आणि मोजणाऱ्याला औषध कोणाला दिले ते माहीत होते का? मुलगा चिकाटीचा निघाला. चार दिवसांनी मूळ निबंध वाचूनच आला. "सर, सगळे तरुण नर होते. औषध अर्ध्या तासात दिलंय. आणि मोजणाऱ्याचं काही लिहिलेलंच नाही. मेंदूच्या चकत्यांचे फोटो मात्र भरपूर आहेत."

अर्ध्या तासात! तोरणमाळच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरून रुग्ण खाली डांबरी रस्त्यावर येईपर्यंतच अर्धा तास जातो. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यातले एक जरी दिसले तरी घड्याळ बघा, १०८ला फोन करा आणि सी. टी. स्कॅन चालू आहे अशाच ठिकाणी रुग्ण न्या. वाटेत माझ्यासारख्याच्या दवाखान्यात सलाईन लावायला थांबू नका. नंदुरबारला २०२० पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या रुग्णालयाचा फोन नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

"मग आजीचं काय करायचं?" नातवाने विचारले.

मी आजींना एक ताट, मूठभर तूर आणि मूठभर हरभरा घेऊन बसायला सांगितले आहे. दोन्ही मिसळायचे आणि उजव्या हाताने वेगळे करायचे, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. किती मिनिटे लागली ते नातवाने वहीत लिहायचे. दर शनिवारी शहाद्याहून फिजिओथेरपिस्ट येतात, त्यांच्याकडे जायचे. वहीतली पहिली नोंद बावीस मिनिटांची आहे. परवाची सतरा मिनिटांची होती. पण ही नोंद नातवाने स्वतः केली आहे आणि त्याचा आजीवर जीव आहे. म्हणून पुढच्या आठवड्यापासून घड्याळ शेजारच्या मुलीकडे द्यायला सांगितले आहे.